नवजात अतिदक्षता सेवा, सार्वजनिक रुग्णालयांतील

अकाली जन्मलेल्या, कमी वजनाच्या वा आजारी अर्भकांना जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात काळजी कक्षांत वॉर्मर, फोटोथेरपी, ऑक्सिजन हे उपचार मिळतात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून ते मोफत आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने घरोघरच्या काळजीतून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटवल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, मग महागडी यंत्रे कशाला, असा आक्षेप येतो. मात्र अपक्व फुप्फुसांच्या बाळाला सीपॅपचा (नाकावाटे सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) आधार घरी देता येत नाही. खरी उणीव वेगळीच आहे: यंत्र देणगीतही मिळते, पण प्रशिक्षित परिचारिका, सुटे भाग, अखंड वीज आणि देखभाल यांना दाता क्वचितच सापडतो. विद्युत सुरक्षेकडील दुर्लक्ष किती महाग पडू शकते, हे भंडारा जिल्हा रुग्णालयात दिसले: ९ जानेवारी २०२१ रोजी तेथील विशेष नवजात काळजी कक्षाला आग लागून १० बालके दगावली. म्हणून खरेदीच्या निधीतच देखभाल आणि विद्युत तपासणीचा खर्च धरला पाहिजे.