तबकावरचें रोगण आणि सायकलीचा सांगाडा

सायकलीचा इतिहास सांगणारा बहुधा चाकांपासून आरंभ करतो. पुढचें चाक एके काळीं पुरुषभर उंच कां होतें, १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ले यानें मागचें चाक साखळीनें फिरणारी बेताच्या उंचीची ‘रोव्हर’ कशी काढली, १८८८ मध्यें डन्लॉपनें हवेची धांव कशी आणली, हा सर्व भाग आतां मुलांच्या पुस्तकांतही सांपडतो. परंतु हीं चाकें ज्या सांगाड्याला जोडलेलीं असतात तो पोलादाचा, आणि पोलादाचें पाण्याशीं जन्माचें वैर. असें असतां इंग्लंडसारख्या सदा ओल्या देशांत जन्मलेलें हें यंत्र आमच्या कोंकणांतले चार चार महिन्यांचे पावसाळे सोशीत दोन पिढ्या कसें टिकलें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास आपण चाकांच्या कारखान्यांत न जातां चहाच्या तबकांच्या कारखान्यांत जाऊन पोहोंचतों.

मला हा प्रश्न पडला तो एका मोडलेल्या सायकलीमुळें. वडिलांची विलायती सायकल प्रथम रत्नागिरीस आणि पुढें पुण्यास, मिळून चाळीस वर्षें आमच्या घरीं होती. दर रविवारीं ते तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतून चिखल काढीत, साखळी घासलेटानें धुवीत आणि सुक्या मलमलीनें सांगाडा असा पुशीत कीं त्या काळ्या नळ्यांत आम्हां मुलांना आपलीं तोंडें लांबट झालेलीं दिसत. अशा या सायकलीचा सांगाडा एके सकाळीं लकडी पुलावर, भर रहदारींत, पॅडलच्या आंसाजवळ वाळक्या काटकीसारखा मोडला. वडिलांच्या खांद्याचें हाड गेलें. दुरुस्तीवाल्यानें सांगाडा उलटा करून ठोकला तेव्हां आंतून मूठभर तांबडी भुकटी जमिनीवर पडली. वरचा काळा रंग मात्र मोडल्या जागेच्या अगदीं कडेपर्यंत शाबूत होता. वडिलांना हाडापेक्षां त्या रंगाचेंच अधिक आश्चर्य वाटलें; आणि खरें सांगावयाचें तर मलाही.

तो रंग आला कोठून? मूळ गोष्ट जपानची. तेथें एका झाडाचा चीक काढून त्याचे पातळ थर लांकडावर देतात. हा चीक दमट हवेंतच घट्ट होतो, आणि एकदां घट्ट झाला म्हणजे पाण्याला किंवा तेलाला दाद देत नाहीं. सतराव्या शतकांत अशा पेट्या व तबकें जहाजांतून युरोपांत जाऊं लागलीं आणि तेथील श्रीमंतांस त्यांचें वेड लागलें. तें झाड तिकडे होत नव्हतें. मग नक्कल सुरू झाली, आणि त्या नकलेला इंग्रजींत ‘जपानिंग’ असेंच नांव पडलें. (मूळ वस्तूला त्यांनीं दिलेलें ‘लॅकर’ हें नांव मात्र आपल्या लाखेवरून, पोर्तुगीजांच्या तोंडून तिकडे गेलेलें आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यांपासून होते, जपानचा चीक झाडापासून. नांवापलीकडे दोहोंचें नातें नाहीं.)

इंग्रजांनीं जवसाचें तेल, खनिज डांबर, राळ आणि टर्पेंटाइन यांचें काळें रोगण केलें. जपानचें रोगण ओलाव्यानें घट्ट होई, यांचें भट्टींत भाजावें लागे. लांकूड भट्टींत तडकतें, लोखंडाचा पत्रा तडकत नाहीं. म्हणून ही कला लांकडावरून कल्हईच्या पत्र्यावर आली, आणि वेल्समधील पाँटिपूल, नंतर बर्मिंगहॅम, बिल्स्टन व वुल्व्हरहॅम्प्टन या गांवीं तिचे मोठे कारखाने झाले. ज्याच्या अक्षरांचें वळण मुद्रणाच्या जगांत अजून वाखाणलें जातें त्या जॉन बॅस्करव्हिलनें १७४० च्या सुमारास बर्मिंगहॅमला हाच धंदा काढला होता. व्हर्जिलच्या काव्याची जी आवृत्ति त्यानें १७५७ सालीं छापली तिच्या कागदाशाईचा खर्च तबकांनींच सोसला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या धंद्याला उतरती कळा लागली. १८४० मध्यें बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननें विजेनें चांदीचा मुलामा देण्याचें पेटंट घेतलें होतें. चांदीसारखें दिसणारें तबक मिळूं लागल्यावर काळें तबक कोण घेणार? अशा पडत्या काळांत वुल्व्हरहॅम्प्टनला जॉन मार्स्टन नांवाचा एक कारखानदार होता. तो १८३६ त लड्लो गांवीं जन्मला, एडवर्ड पेरी या तबकवाल्याकडे उमेदवार म्हणून राहिला, १८५९ सालीं बिल्स्टनमध्यें त्यानें स्वतःचा धंदा सुरू केला, आणि पेरीच्या मृत्यूनंतर जुन्या मालकाचा कारखानाही विकत घेतला. मार्स्टनला सायकलीचा नाद होता. १८८७ मध्यें त्यानें आपल्या कारखान्यांत सायकली करण्यास आरंभ केला व त्यांना ‘सनबीम’ म्हणजे सूर्यकिरण हें नांव दिलें. सांगतात कीं, काळ्या सांगाड्यावर उन्हाची तिरीप चमकलेली पाहून तें नांव त्याच्या पत्नीला सुचलें. कथा खरी असो वा नसो, नांव रंगावरून पडलें, यंत्रावरून नव्हे, एवढें तिच्यावरून दिसतें. एल्गार या इंग्रज संगीतकारानें १९०० सालीं अशीच एक सायकल घेतली आणि तिचें नांव ‘मिस्टर फीबस’ ठेवलें. फीबस म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव.

मार्स्टननें केलें तें इतकेंच कीं तबकाची रीत सांगाड्याला लाविली. एक थर द्यावा, भट्टींत भाजावा, बाहेर काढून हातानें घोटून गुळगुळीत करावा, मग दुसरा. आणि शेवटीं सोन्याच्या वर्खाची बारीक रेघ. उघड्या हवेंत वाळणाऱ्या रंगाची वरची साय आधीं धरते आणि पोट मऊ राहतें. भट्टींत तेल सर्व थरभर सारखें घट्ट होतें व पोलादाला असें चिकटतें कीं दगडाचा टोला बसला तरी टवका सहसा उडत नाहीं. दुसऱ्या कारखान्यांनींही भट्टीचें एनॅमल उचललें. परंतु थर किती द्यावयाचे आणि किती घोटावयाचे हें जो तो आपल्या किंमतीप्रमाणें ठरवी.

गंजाच्या जोडीला झीज असतेच. गंजाची तांबडी भूक सराफ सोन्याला झिलई देण्यास वापरतात. तीच भूक तेलांत मिसळून साखळीच्या सांध्यांत शिरली म्हणजे तेथेंही झिलईचें काम रात्रंदिवस चालूं ठेवते, आणि साखळी लांबत जाते. मार्स्टननें आपल्या उत्तम सायकलींची साखळी संबंध पत्र्याच्या पेटींत कोंडली व पेटीच्या तळाशीं तेल ठेविलें. प्रत्येक फेरींत साखळी त्यांत बुडून वर येई. तिला तो ‘तेलाचें लहानसें न्हाणीघर’ म्हणे. रस्त्याची धूळ आंत येत नसे, पाणी येत नसे, स्वाराची विजार काळी होत नसे. आज आपण सायकलींची साखळी उघडी ठेवतों आणि दर वर्षा-दोन वर्षांनीं नवी घेतों, याला प्रगति म्हणावयाचें असल्यास खुशाल म्हणावें.

मार्स्टन १९१८ त वारला; पुढें कारखाना एका हातून दुसऱ्या हातीं जात राहिला आणि त्या सायकली आतां संग्राहकांच्या घरीं पाहावयास मिळतात. परंतु त्याच्या हयातींतच लोकांची दृष्टि काळ्या रंगावरून पांढऱ्या चकाकीकडे वळली होती. हँडल, चाकांच्या कडा, पॅडलचे दांडे यांवर निकेलचा मुलामा आला, आणि १९२० नंतरच्या दशकांत निकेलवर क्रोमियमचा. ग्राहकाला मुलामा म्हणजे संरक्षण असें वाटे. वस्तुस्थिति निराळी आहे. पातळ मुलाम्याला डोळ्यांस न दिसणारीं छिद्रें असतात. पाण्याच्या सान्निध्यांत निकेल व लोखंड एकत्र आलें असतां निकेल सुरक्षित राहतें आणि लोखंड त्याच्या वांट्याचेंही झिजतें. म्हणून छिद्राखालीं गंज उलट वेगानें पसरतो. जस्ताचें वागणें याच्या विरुद्ध. तें स्वतः झिजून लोखंडाला वांचवितें, म्हणूनच आपल्या जस्ती बादल्या विहिरीवर इतकीं वर्षें टिकत. पण जस्त दिसावयास कळाहीन. खरेदीच्या दिवशीं त्याच्याकडे पाहतो कोण?

या चकाकीच्या काळांत एकानें मात्र मुळाशीं हात घातला. १९०६ सालीं बर्मिंगहॅमच्या टॉमस वॉट्स कॉस्लेटनें फॉस्फरिक आम्लाच्या उकळत्या द्रावणांत पोलाद बुडवून त्याच्या पृष्ठभागाचेंच करड्या-काळ्या फॉस्फेटांत रूपांतर करण्याचें पेटंट घेतलें. हा थर एकटा फारसा टिकत नाहीं, पण त्यावर एनॅमल दिलें म्हणजे तें मुळें धरल्यासारखें बसतें. एखादे ठिकाणीं ओरखडा गेला तरी गंज रंगाखालून सरपटत जात नाहीं. सायकलवाल्यांनीं ही रीत पुढें पुष्कळ वापरली. दिल्लीच्या लोहस्तंभावरचा जो पातळ थर त्याला दीड हजार वर्षें जपत आला आहे त्यांतही, अलीकडच्या संशोधनाप्रमाणें, त्या लोखंडांतल्या स्फुरदापासून झालेलें फॉस्फेटच आहे. आमच्या लोहारांना त्याचें कारण ठाऊक असण्याचा संभव नाहीं. परंतु कॉस्लेटला आम्लांतून जें करावें लागलें त्याची तयारी त्यांच्या भट्टींत आपोआप होऊन गेली होती.

दुसऱ्या महायुद्धांत निकेल व क्रोमियम शस्त्रास्त्रांकडे गेलें आणि इंग्लंडमध्यें हँडलापासून चाकांपर्यंत सर्वांगीं काळ्या सायकली निघाल्या. लोकांनीं त्या नाइलाजानें घेतल्या. पावसाळी देशाला खरोखर योग्य अशा त्याच होत्या.

येवढें सगळें झालें तें बाहेरच्या अंगाला. सांगाडा पोकळ असतो, आणि बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सनें १८९७ मध्यें टोंकांशीं जाड व मध्यें पातळ अशा नळ्यांचें पेटंट घेतल्यापासून उंची सायकलींच्या नळ्यांची भिंत मधल्या भागीं एक मिलिमीटरहूनही पातळ होऊं लागली. इतक्या पातळ भिंतीला आंतून ना रोगण, ना मुलामा. बैठकीची दांडी जेथें उभ्या नळींत शिरते त्या फटींतून पाणी उतरतें आणि सर्वांत खालीं, पॅडलच्या आंसाच्या नळकांड्यांत, सांचून राहतें. तांब्यावरची हिरवी पुटी खालच्या तांब्याला पांघरूण होते. लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो, गळतो आणि पुढच्या पाण्याला नवें लोखंड उघडें करून देतो. रत्नागिरीची खारी हवा तर या कामाला दुप्पट हात लावते. वडील दर रविवारीं ज्या दोन बादल्या ओतीत त्यांतलें कांहीं पाणी चाळीस वर्षें त्याच फटींतून खालीं जात होतें. हें मीं त्यांना कधीं सांगितलें नाहीं.

आतां मोटारींचे सांगाडे रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या साहाय्यानें आंतबाहेर रंगवितात. जुन्या सायकलीला तो हौद कोठून मिळणार? मी दर ज्येष्ठांत, पाऊस येण्यापूर्वीं, बैठकीची दांडी काढून नळ्यांत जवसाचें तेल ओततों, सांगाडा सर्व बाजूंनीं फिरवितों आणि उरलेलें तेल तळच्या भोंकांतून वाटींत निथळूं देतों; भोंक नसल्यास दुरुस्तीवाल्याकडून एक पाडून घ्यावें. आठवड्याभरांत आंत त्याची पातळ साय धरते. पुसलेलें फडकें मात्र मोकळें पसरून वाळवावें. गोळा करून ठेविल्यास तें आपोआप पेट घेतें. तबकवाल्यांच्या रोगणांत पडे तेंच हें तेल. किराणा दुकानांतलें चालत नाहीं, तें लवकर वाळत नाहीं. रंगाच्या दुकानांत ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मागावें लागतें.