बसलेल्या कमानी

अब्बांची जीप डावीकडे झुकते हे पहिल्यांदा माझ्या मुलीच्या लक्षात आलं. सपाट अंगणात गाडी उभी होती आणि ती म्हणाली, "दादाजान, तुमची गाडी लंगडते." अब्बा हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण दोन महिन्यांनी पुनर्नोंदणीची तपासणी होती आणि खिशात पंधरा हजारांच्या वर एक रुपया नव्हता. मेहुण्यांचं म्हणणं होतं, भंगारात द्या, लोखंडाचा भाव बरा आहे. अब्बा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त ऐकू येतं.

जीप १९७८ची. अब्बांनी ती १९८९ साली चौथ्या हाताने घेतली आणि पंधरा-सोळा वर्षं कल्याण स्टेशन ते मलंगगडाचा पायथा अशी चालवली. माघी पौर्णिमेला हाजीमलंगचा उरूस असला की दिवसाला किती खेपा व्हायच्या याचा हिशेब नसे. वर जाणाऱ्यांत मुसलमान जितके तितकेच हिंदू, आणि दर्ग्याची वहिवाट कल्याणच्या केतकर घराण्याकडे, हे वाचकांना ठाऊक असेलच. त्या भारानेच कमानी बसल्या. नंतर मूळ पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल बसवलं. ते बरंच जड. पुढच्या कमानींनी तेव्हाच मान टाकली होती, आम्ही फक्त बघत नव्हतो.

'कमान' हा शब्द आधी जरा पाहू. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. मराठीत तीरकमान आली, दाराची कमान आली, आणि मग गाडीखालचे वाकवलेले पोलादी पाटेही कमानच झाले. पोलाद हा शब्दही फारसीतूनच आला आणि गॅरेजचा वस्ताद म्हणजे मूळचा उस्ताद. आमच्या भाषेत परकं काय आणि आपलं काय यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा जीपखाली झोपून नट सोडवावेत.

गाडीला कमानी लावायची युक्ती तशी फार जुनी नाही. लंडनच्या ओबाडाया एलियटने १८०४च्या सुमारास पाट्यांच्या कमानींवर घोडागाडी बसवली आणि गाडीखालचं जड आडवं लाकूड काढून टाकता आलं. आपल्याकडे टांग्याला कमानी आल्या, बैलगाडी मात्र तशीच धडधडत राहिली. पुढे मोटारींत गुंडाळ्याच्या स्प्रिंगा आल्या, तरी जीप पाट्यांवरच राहिली. त्याचं कारण घाई. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी चारचाकी तातडीने हवी होती. बँटम कंपनीने सप्टेंबरात नमुना हजर केला, मुदत होती ४९ दिवसांची. एवढ्या वेळात नवं काही शोधत बसणं शक्य नव्हतं. पाट्याची कमान कोणालाही बनवता येते, कुठेही ठोकता येते, आणि ती चाकाचा दांडा जागेवर धरण्याचं कामही करते, त्यासाठी वेगळे दांडे लागत नाहीत. पुढे विलिस कंपनीच्या जीपला पुढच्या कमानीत आठ आणि मागच्या कमानीत नऊ पाटे होते. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप काढल्या.

त्या युद्धात आमच्या गावाशेजारी काय होतं? कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प. आज ज्याला उल्हासनगर म्हणतात तिथे बराकी होत्या. फाळणी झाली आणि त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं भरली, लाखाच्या आसपास. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींनी नगराची कोनशिला बसवली आणि उल्हासनगर हे नाव आलं. पण पत्ता सांगताना लोक अजून कॅम्प तीन, कॅम्प चार असंच म्हणतात. लष्कर गेलं, आकडे राहिले.

त्याच काळात मुंबईत दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि अब्बा ती प्रत्येक नव्या प्रवाशाला सांगत. २ ऑक्टोबर १९४५ला पोलादाचा व्यापार करणारी एक कंपनी सुरू झाली, तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. कैलाशचंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या खरेदी मोहिमेचे प्रमुख होते, तिथेच जीपशी त्यांची ओळख झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ साली गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून 'एम अँड एम' ही अक्षरं ठेवली, असं सांगतात. मला ही गोष्ट काटकसरीची म्हणून आवडते. अब्बांना ती वेगळ्या कारणाने आवडायची. "आपला एक होता त्यात," ते म्हणत, आणि लगेच पुढे जोडत, "पण गेला." आमचे आजोबा गेले नाहीत. कॅम्पात आलेले सिंधी शेजारी सगळं सोडून आले होते, आणि अब्बांना स्पेअर पार्ट उधारीवर देणारे सेठही त्यांच्यातलेच होते. दोघांनी फाळणीबद्दल एकमेकांशी कधी शब्द काढला असेल असं मला वाटत नाही. बोलणं सगळं बुश आणि बेअरिंगचं.

जीपचा आणि नव्या देशाच्या रिकाम्या तिजोरीचा आणखी एक किस्सा आहे. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी सैन्याला जीप हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या जुन्या जीप घ्यायचं ठरवलं, मागणी दोन हजारांची. मद्रास बंदरात आल्या १५५, त्याही चालण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा घोटाळा म्हणून तो गाजला आणि १९५५ साली सरकारने प्रकरण बंद केलं. स्वस्तात जुनी जीप घेताना खाली वाकून कमानी बघाव्यात, हा धडा मेननसाहेबांच्या खर्चाने आपल्याला मिळालेला आहे. माझ्या वडिलांनी तो घेतला नव्हता.

आता आमच्या गाडीकडे. नव्या चार कमानींचा भाव माझ्या पंधरा हजारांच्या बराच पलीकडे होता. पहिली चूक मी केली ती अशी की रस्त्याकडेच्या एका लोहाराकडे डावी पुढची कमान ठोकून घेतली. भट्टीत लाल केली, घण मारला, हवेत गार केली. गाडी सरळ उभी राहिली. सहा आठवड्यांत कमान पुन्हा बसली, आधीपेक्षा खाली.

का बसली हे मला आनंदनगरमध्ये कळलं. अंबरनाथ पूर्वेची ही एमआयडीसी मी रोज बसमधून बघतो, आत कधी शिरलो नव्हतो. एका छोट्या शेडमध्ये पोलादाला पाणी द्यायचं काम चालतं. 'पाणी देणं' हा आपला जुना शब्द, तिथे खरं तर तेल देतात. तिथल्या वस्तादांनी माझा पाटा हातात घेतला, कानशीने घासला आणि म्हणाले, "साहेब, हा आता पोलाद नाही, नुसतं लोखंड आहे." मग त्यांनी सांगितलं ते असं. पाटा साडेआठशे अंशांच्या आसपास तापवायचा, इतका की लोहचुंबक चिकटत नाही. त्याच अवस्थेत साच्यावर वाकवून गरम असतानाच तेलात बुडवायचा. तेव्हा तो काचेसारखा कडक होतो, आपटला तर तुटेल. म्हणून पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांवर ठेवायचा, मग त्याच्यात लवचीकपणा येतो. रस्त्याकडेच्या लोहाराने पहिली अर्धी गोष्ट केली आणि बाकीची हवेवर सोडली. त्याचा तरी काय दोष, त्याच्याकडे तापमान मोजायचं साधन डोळे एवढंच.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट पटवली, की सगळे पाटे वाईट नसतात. चारही कमानी खोलल्या. कानापासून कानापर्यंत दोरी ताणून मधली खोली मोजली, खडूने लिहिली. डावी पुढची उजवीपेक्षा सव्वा इंच सपाट. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यावर चर पाडले होते. तडा नेहमी तिथूनच जातो. दोन पाटे तडकलेले निघाले. बाकीचे गंजाने एकमेकांना चिकटले होते. पाटे एकमेकांवर घसरतात म्हणून धक्का जिरतो, चिकटले की कमान दगडासारखी वागते. म्हणजे आमची जीप एकाच वेळी बसलेलीही होती आणि कडकही. अब्बांचं वर्णन केल्यासारखं वाटलं, पण बोललो नाही.

बाजारात दोन सल्ले फुकट मिळतात. एक, जास्तीचा पाटा घाला. त्याने गाडी उचलते, पण उंटावर बसल्यासारखी उडते. दुसरा, लांब शॅकल लावा. त्याने पुढच्या चाकांचा कल बदलतो आणि गाडी रस्त्यावर पोहायला लागते. दोन्ही ऐकले नाहीत. पैसे गेले ते असे: सगळे बुश आणि शॅकलच्या पिना नव्या, चार सेंटर बोल्ट नवे, यू-बोल्ट नवे (एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये), पुढचे दोन शॉकअप नवे. तडकलेले पाटे कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून त्याच रुंदीचे आणले. आनंदनगरच्या शेडमध्ये पुढचे पाटे दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर भट्टीत गेले म्हणून थोडक्यात भागलं. मागच्या कमानी फक्त घासून, ग्रीस लावून परत चढवल्या. मागचे शॉकअप पुढच्या पगारावर. एकूण चौदा हजार दोनशे.

तुटलेले दोन पाटे अब्बांनी फेकू दिले नाहीत. कमानीच्या पाट्याचा कोयता धार धरतो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घिसाड्याला ठाऊक आहे. बदलापूरच्या रस्त्यावर पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडे ते घेऊन गेले. बाईने भाता धरला, माणसाने ठोकलं, अब्बा उकिडवे बसून बघत राहिले. एका पाट्याचा कोयता झाला, तो त्यांनी त्या माणसालाच दिला. दुसऱ्याची सुरी झाली, ती बकरी ईदला वापरली.

तपासणीच्या आदल्या दिवशी शंभर किलोमीटर पुरे करायचे होते, त्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. अब्बा म्हणाले, मलंगगडाकडे जाऊ. पायथ्याशी पोहोचल्यावर ते उतरले, गाडीला चक्कर मारली, दोन्ही बाजूंना हाताची वीत लावून बघितली. "डावी अजून अर्धा बोट खाली आहे," म्हणाले, आणि डिकीतून पाना काढला.