विमानतळ अग्निशमन केंद्र आणि शाश्वत स्थापत्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विमानतळावरील अग्निशमन केंद्राची जागा प्रामुख्याने वेळ ठरविते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषानुसार वापरातील धावपट्टीच्या कोणत्याही बिंदूपर्यंत पथकाने ३ मिनिटांच्या आत पोहोचणे अपेक्षित असते. साहजिकच ऊन-वाऱ्याचा विचार येथे दुय्यम ठरतो. तथापि, या वास्तूच्या शाश्वततेचा खरा प्रश्न तिच्या भिंतींत नसून अंगणात आहे, असे इतिहास सांगतो.

१९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने व थ्रीएम कंपनीने जळत्या इंधनावर पातळ थर पसरविणारा फेस विकसित केला. १९६७ मध्ये ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवरील आगीत १३४ जण मृत्युमुखी पडल्यानंतर अशा साधनाची निकड अधिकच जाणवली. पुढे विमानतळांनीही हा फेस स्वीकारला. मात्र त्यातील फ्लोरिनयुक्त रसायनांचे निसर्गात सहजासहजी विघटन होत नाही. सरावाच्या वेळी फवारलेला फेस जमिनीत मुरत राहिला आणि अनेक ठिकाणी भूजल दूषित झाले. यांपैकी ‘पीएफओएस’चे उत्पादन थांबविण्याची घोषणा थ्रीएमने २००० मध्ये केली, २००९ मध्ये हे रसायन स्टॉकहोम कराराच्या यादीत समाविष्ट झाले.

सारांश, केवळ छतावरील सौरपटलांनी असे केंद्र शाश्वत ठरत नाही. दूषित अंगणातील पर्जन्यजल पुनर्भरण तर विषच भूगर्भात पोहोचवील. म्हणून फ्लोरिनमुक्त फेस, पाणी न झिरपणारी सरावभूमी आणि सांडपाण्याची स्वतंत्र टाकी यांना पहिल्याच आराखड्यात स्थान मिळणे अगत्याचे आहे.