रानांतलें फळ बागेंत आलें

शेतकऱ्याची चिकाटी आणि शास्त्रज्ञाची दृष्टि एकत्र आली म्हणजे काय घडतें, याचें एक उत्तम उदाहरण अमेरिकेंतील ब्ल्यूबेरी या फळाच्या इतिहासांत सांपडतें. आपल्याकडील करवंदांप्रमाणें हें फळ तेथें रानोमाळ पिकत असे. लोक हंगामांत तें गोळा करून बाजारांत विकीत. पण झुडूप उपटून परसांत लावलें कीं तें बहुधा झुरून मरे. त्यामुळें ब्ल्यूबेरी ही लागवडीची वस्तूच नव्हे, अशी सार्वत्रिक समजूत होती.

ही समजूत खोटी ठरविणारे फ्रेडरिक कोव्हिल हे अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १८६७ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत झाला. १९०६ सालीं त्यांनीं ब्ल्यूबेरीवर प्रयोग आरंभिले. खत व चुना घालून जमीन कसदार केली म्हणजे कोणतेंहि पीक जोमानें येतें, असा बागवानांचा ठोकताळा. कोव्हिल यांच्या कुंड्यांनीं नेमका उलट कौल दिला. कसदार मातींत रोपें सुकलीं. आम्लधर्मी व पाण्याचा निचरा होणाऱ्या मातींत तीं तरारलीं. हे निष्कर्ष १९१० सालीं एका सरकारी पुस्तिकेंत प्रसिद्ध झाले. थंडीची विश्रांति मिळाल्यावांचून हें झुडूप वसंतांत नीट फुटत नाहीं, आणि परक्या झुडपाच्या परागावांचून त्याला चांगलें फळ धरत नाहीं, हेंहि त्यांनीं दाखवून दिलें.

पण कुंडींतील यश म्हणजे शेतींतील यश नव्हे. ती उणीव एलिझाबेथ व्हाइट या बाईंनीं भरून काढली. न्यू जर्सींतील पाइन बॅरन्स या रेताड व आम्ल प्रदेशांत त्यांच्या वडिलांचे क्रॅनबेरीचे मळे होते. पुस्तिका वाचून १९११ सालीं त्यांनीं कोव्हिल यांना आपली जमीन व मजूर देऊं केले. धान्याला निरुपयोगी ठरलेली तीच माती या फळाला हवी होती.

आतां उत्तम वाणाचा शोध सुरू झाला. व्हाइटबाईंनीं रानांत वावरणाऱ्या लोकांना पाऊण इंचाहून थोडें लहान भोंक असलेलें माप दिलें. ज्या झुडपाचीं फळें त्या भोंकांतून पार होत नसत, तें दाखविणाऱ्यास पैसे मिळत आणि झुडपाला त्याचें नांव दिलें जाई. रूब लीक नांवाच्या माणसानें दाखविलेलें झुडूप 'रूबेल' झालें. पुढील कित्येक जातींच्या वंशांत तें आहे. अशा निवडक झुडपांचा संकर कोव्हिल करीत. १९१६ सालीं लागवडीचें पहिलें पीक बाजारांत गेलें.

कोव्हिल १९३७ सालीं वारले. तोंपर्यंत एक नवा धंदा उभा राहिला होता. त्याचें श्रेय प्रयोगशाळेला जितकें, तितकेंच मळ्यालाहि. आणि कोणत्या वळणावर कोणतें झुडूप गोड, हें पिढ्यान् पिढ्या जाणणाऱ्या त्या अशिक्षित रानकऱ्यांनाहि.