अखेरच्या वर्षाचा आधार

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली तिची मुदत संपली व लंडनमधील संशोधन अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनातून शिल्लक टाकलेली रक्कम, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज, एवढ्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, डी.एस्सी. १९२३ साली मिळाली. आजच्या अधिछात्रवृत्त्यांनाही मुदत असतेच आणि बहुधा प्रबंध पूर्णत्वास येत असतानाच ती सरते. म्हणून आम्हांस वाटते, शिकून स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारून अखेरच्या वर्षातील संशोधकास आधार द्यावा. बाबासाहेबांची तीन वर्षे पैशावाचून खोळंबली. तशी दुसऱ्या कोणाची खोळंबू नयेत.