‘लाव्हेन्तुरा’विषयींच्या दोन साक्षी

एकाच प्रसंगाविषयीं परस्परविरुद्ध साक्षी मिळाल्या म्हणजे त्यांपैकीं एक खोटी असलीच पाहिजे, असा समज आहे. तो सर्वत्र टिकत नाहीं.

इ. स. १९६० च्या मे महिन्यांत फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत मिकेलांजेलो आन्तोनिओनी यांचा ‘लाव्हेन्तुरा’ हा इटालियन बोलपट दाखविण्यांत आला. सिसिलीजवळील एका उजाड बेटावर आन्ना नामक तरुणी नाहींशी होते. शोध घेणारे हळूहळू तिला विसरतात. आणि तिचें काय झालें, हें शेवटपर्यंत उलगडत नाहीं. ही संथ मांडणी न साहून प्रेक्षकांनीं हुर्यो उडविली. दुसऱ्याच दिवशीं रॉबेर्तो रोसेलिनी प्रभृति चित्रपटकार व टीकाकार यांनीं सह्यांचें पत्रक काढून चित्राची बाजू उचलून धरली. परीक्षकांनीं त्यास पारितोषिकहि दिलें. पुढें १९६२ सालीं ‘साइट अँड साउंड’ या इंग्रजी त्रैमासिकाच्या मतगणनेंत टीकाकारांनीं त्यास दुसरें स्थान दिलें.

तथापि या उत्तरकालीन कीर्तीवरून पहिले प्रेक्षक अडाणी ठरविणें न्याय्य नव्हे. रहस्यकथेचा आरंभ पाहून उलगड्याची अपेक्षा धरणाऱ्याची निराशा खरीच असते. हुर्यो व पत्रक, दोन्ही अस्सल साधनें होत. एक गाळून लिहिलेला इतिहास एकांगीच ठरेल.