सर्व्हर स्वतःचा, सॉफ्टवेअर कोणते?

ट्विटरची मालकी ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांच्याकडे गेली आणि असंख्य वापरकर्त्यांनी मॅस्टोडॉनची वाट धरली. तत्पूर्वी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर नाराज झालेले अनेक भारतीयही तिकडे वळले होते. या जाळ्याला एकच मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ या सामाईक नियमावलीनुसार परस्परांशी बोलतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे एखादी संस्था वा मित्रमंडळही स्वतःचा सर्व्हर थाटू शकते.

अशा वेळी बहुतेकांची पहिली पसंती मॅस्टोडॉनलाच असते. मात्र तो जड आहे. रुबी भाषेतील मूळ प्रणालीबरोबर पोस्टग्रेस, रेडिस आणि पार्श्वभूमीची कामे उरकणारे साइडकिक यांचाही संसार सांभाळावा लागतो. सदस्याचे अनुयायी ५०० सर्व्हरवर विखुरलेले असतील, तर त्याची एक नोंद ५०० ठिकाणी पोहोचवावी लागते. २०२२ च्या लोंढ्यात अनेक सर्व्हरवर या कामांच्या रांगा तुंबल्या, त्या यामुळेच.

दहा-वीस जणांसाठी एवढा डोलारा अनावश्यक होय. एलिक्झिर भाषेतील प्लेरोमा व त्यातून २०२२ मध्ये फुटलेली अकोमा ही शाखा कमी स्मृतीत चालते. गो भाषेतील ‘गोटूसोशल’ तर एसक्यूलाइटवर, जुन्या लॅपटॉपवर वा रास्पबेरी पायवरही तग धरते. त्यात नोंदी वाचण्याचा स्वतःचा पडदा नाही. टस्कीसारखे अ‍ॅप वापरावे लागते. सी भाषेतील ‘स्नॅक’ला डेटाबेसही लागत नाही.

मात्र केवळ स्मृतीचा हिशेब पुरेसा नाही. इतर सर्व्हरवरून आलेल्या छायाचित्रांच्या प्रती साठत जातात आणि डिस्क भरते. दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो. मॅस्टोडॉनमध्ये जुन्या प्रती पुसण्याची सोय आहे, ती वेळच्या वेळी चालते ना, हे पाहणे चालकाचे काम.

खरी अडचण निवड चुकल्यावर उद्भवते. सदस्याचा पत्ता डोमेनशी बांधलेला असतो. त्याच डोमेनवर सॉफ्टवेअर बदलल्यास इतर सर्व्हर जुन्याच ओळखी व किल्ल्या धरून बसतात आणि संपर्क तुटतो. मॅस्टोडॉनवर खाते हलविल्यास अनुयायी सोबत येतात, जुन्या नोंदी येत नाहीत. म्हणूनच मुख्य डोमेनला हात लावण्यापूर्वी वेगळ्या उपडोमेनवर महिनाभर चाचणी घ्यावी आणि ते नाव पुन्हा वापरू नये.